सुजलेल्या डोळ्याची गोष्ट

माझ्या छातीत डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, काड्यापेटीहून थोडं लहान असं एक यंत्र बसवलेलं आहे. ब्लाऊजच्या गळ्यातून त्याचा उंचवटा दिसतो. नव्या ओळखीच्या बायका तिकडे बघतात आणि लगेच नजर वळवतात. कोणी विचारलं तर आता मी सगळं सांगते, अगदी समोरची कंटाळेपर्यंत. पूर्वी मी तशी नव्हते. आमच्या घरात निम्मं सांगून निम्मं गिळायची पद्धत होती.

हे लिहायला बसले ते आखातात राहणाऱ्या, आणि इथे येण्याआधी आणखी कुठे कुठे राहून आलेल्या माणसांसाठी. औषधांची नावं यात नाहीत. ती डॉक्टरांना विचारा. डॉक्टर तुम्हांला काही विचारतील तेव्हा काय करायचं, एवढंच मला ठाऊक आहे, आणि तेही मी उशिरा शिकले.

भेंडी

आम्ही सौदीतल्या जुबैलला राहतो. माझे यजमान प्रभाकर एका कारखान्याच्या पाणी शुद्ध करणाऱ्या विभागात आहेत. कंपनीची बस त्यांना नेते आणि आणते, मी घर सांभाळते. मुलगी रूथ रियाधला, ओलाया भागातल्या एका बँकेत संगणकाचं काम करते आणि सुट्टीला येते.

त्या उन्हाळ्यात मला चक्कर यायला लागली. पहिल्यांदा आम्ही ती उन्हावर ढकलली, मग वयावर, मग माझ्या कमी खाण्यावर. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतून बसायचा. मी एक नंबर मोठी चप्पल घेतली आणि प्रश्न मिटवला. आजारपणाशी माझं असं सामोपचाराचं धोरण होतं.

मग एका सकाळी सुपरमार्केटमध्ये भेंडी निवडताना मी सरळ खाली कोसळले. डोळे उघडले तेव्हा दुकानातला एक मुलगा टोमॅटोच्या खोक्याचं झाकण घेऊन मला वारा घालत होता आणि शेजारच्या रेहाना भाभी कोणाला तरी फोनवर ओरडून पत्ता सांगत होत्या. भेंडीची पिशवी माझ्या हातात तशीच होती. ती कोणी घरी नेली आणि खाल्ली, हे आजवर कळलेलं नाही.

"इंडिया ओन्ली"

हृदयाच्या डॉक्टर हनान नावाच्या सौदी बाई होत्या. वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलणं सावकाश. त्यांनी पडद्यावर माझं हृदय दाखवलं. ते थकलेल्या माणसासारखं हलत होतं. डॉक्टर म्हणाल्या, हृदय सुजून मोठं झालंय, ठोके फार संथ पडताहेत, मधूनमधून चुकताहेत, यंत्र बसवावं लागेल. मी "बरं" म्हणाले. निदानाच्या दिवशी माणूस रडतो असं ऐकलं होतं. मला मात्र सारखं वाटत होतं, की त्या पडद्यावरचं हृदय दुसऱ्याच कोणाचं तरी असणार.

कारण सापडत नव्हतं. रक्तदाब नाही, साखर नाही, घराण्यात कोणाला असलं काही नाही. डॉक्टर एकेक विचारत गेल्या. लहानपणी सांधे सुजले होते का? नाही. कुठली जुनी औषधं? नाही. मग म्हणाल्या, "भारत आणि हा देश सोडून आणखी कुठे राहिला आहात?"

मी तोंड उघडायच्या आत प्रभाकर म्हणाले, "नो मॅडम. इंडिया ओन्ली."

मी उघडलेलं तोंड मिटलं. डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.

आम्ही तिथे काय करत होतो

आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत आमच्या मंडळीमार्फत, म्हणजे चर्चमार्फत, एका मिशनने आम्हांला ग्वाटेमालाला पाठवलं. नगर जिल्ह्यातलं जोडपं मध्य अमेरिकेत कशाला, असं तेव्हाही लोक विचारायचे. उत्तर सोपं होतं. त्या मिशनला कमी पाण्याच्या मुलखात काम केलेला इंजिनियर हवा होता, आणि प्रभाकरांचं अर्धं आयुष्य टँकरमागे पळण्यात गेलं होतं.

देशाच्या पूर्वेला कोरडे डोंगर आहेत. तिथल्या एका गावात आम्ही सात-आठ वर्षं राहिलो. प्रभाकरांनी डोंगरातल्या झऱ्यावरून गावात नळ आणला. मी बायकांना शिवण शिकवलं, रविवारी मुलांची शाळा घेतली, आणि त्यांच्याकडून मक्याच्या भाकरी शिकले. शिकले म्हणजे, भाकरी थापता येणाऱ्या बाईला त्यात शिकण्यासारखं फार नव्हतं. माझ्या हाताची पहिली भाकरी तव्यावर फुगली तेव्हा बायकांनी एकमेकींकडे बघितलं, आणि मी सुवार्ता सांगायला आले आहे ही गोष्ट त्यांनी त्या दिवसापासून मनावर घेतली. त्याआधी जीपमधून येणारे गोरे मिशनरी त्यांनी पाहिले होते. आम्ही गावातल्या माणसांसारखेच सावळे, बुटके आणि पायी चालणारे. आम्ही खरे मिशनरी आहोत की नाही याबद्दल गावात बराच काळ शंका होती.

राहायला आम्हांला दोन्या तोमासांनी जागा दिली. दोन्या म्हणजे आपल्याकडे थोरल्या बाईला बाई म्हणतात तसं. मातीच्या कच्च्या विटांचं घर, वर वाळक्या गवताचं छप्पर. त्यात एक खोली बरी होती, दुपारी थंड राहणारी. ती त्यांनी आम्हांला दिली आणि स्वतः नवऱ्याला आणि मुलांना घेऊन चुलीपाशी झोपल्या.

रूथचा जन्म तिथलाच.

वाढदिवस

परत आल्यावर काही वर्षांनी प्रभाकरांना इथली नोकरी लागली. निघताना एका अनुभवी गृहस्थांनी सल्ला दिला, "तिकडे मिशनचं जुनं काही बोलू नका. पाण्याचं काम केलं म्हणा, बस." आम्ही तो सल्ला असा पाळला की त्याची सवय झाली. त्यासाठी कोणी आम्हांला कधी त्रास दिला का? नाही. कोणी साधं विचारलंसुद्धा नाही. पण भीतीला कोणी विचारावं लागत नाही.

शुक्रवारी आमच्या दिवाणखान्यात चार कुटुंबं प्रार्थनेला जमायची. फोनवर प्रार्थना म्हणायचं नाही, वाढदिवस म्हणायचं. "शुक्रवारी वाढदिवस आहे, या." मी खरंच केक करायचे, म्हणजे लिफ्टमध्ये कोणी भेटलं तर हातात दाखवायला काहीतरी. आयुष्यात खाल्ला नसेल एवढा केक आम्ही जुबैलला खाल्ला.

गोष्टीसुद्धा आम्ही बदलून घेतल्या. माझी एक हमखास हसवणारी गोष्ट होती. तिथल्या गावात नाताळच्या नाटकात मी देवदूत होणार होते, आणि त्याच सकाळी उठले तर एक डोळा लिंबाएवढा सुजून बंद. दुखत फारसं नव्हतं. दोन्या तोमासांनी कसलातरी पाला वाटून बांधला. मी पांढरी चादर पांघरून, एका डोळ्याने, मेंढपाळांना "भिऊ नका" म्हणाले आणि पहिल्या रांगेतलं एक पोर किंचाळून पळालं. डोळा पुढे कितीतरी दिवस तसाच होता.

इथे आल्यावर या गोष्टीतला देवदूत गेला आणि परी आली. नाताळ जाऊन शाळेचं गॅदरिंग आलं. गाव नगर जिल्ह्यात आणून बसवलं. अशी ती दुरुस्त केलेली गोष्ट मी जुबैलमध्ये ज्याला त्याला सांगितली.

मामा

यंत्र बसवायचं काम तासाभरात झालं. भूल जागेपुरती होती, त्यामुळे खांद्याशी चाललेली ओढाताण कळत होती, दुखत नव्हती. मी मनात एक जुनं गाणं म्हणत होते आणि दुसरं कडवं आठवत नव्हतं.

वॉर्डात फिलिपिनो सिस्टर्स होत्या. त्या वयस्क बाईला मामा म्हणतात. "मामा, यल्ला, ब्लड प्रेशर." सकाळी लिंबू पिळलेलं मसुरीचं सूप आणि खुबूस, म्हणजे इथली रोटी. डावा हात वर करायचा नाही, त्यामुळे केस विंचरता येत नव्हते. रूथ रियाधहून आली होती, ती विंचरायची. तिने लहानपणी मला कधी वेणी घालू दिली नव्हती, आणि आता माझ्या डोक्यावर तिने सूड उगवला. शेजारच्या खाटेवरच्या सौदी आजींना भेटायला रोज माणसांची रीघ लागायची आणि प्रत्येक वेळी कहवा आणि खजूर मलाही मिळायचे. आजींना इंग्रजी येत नव्हतं, मला अरबी जेमतेम. त्या स्वतःच्या छातीवर हात ठेवून माझ्याकडे बोट दाखवायच्या, मी मान हलवायचे. आमचं चांगलं जमलं.

भीती होती ती जाता-येता भेटायची. पाणी पिताना, सिस्टर पलंगाची उशाकडची बाजू वर करताना. कारण न सापडलेला आजार हा असा असतो. तो गेला की इथेच कुठे बसलाय, ते कळत नाही.

रेहाना भाभी नक्कल करतात

रेहाना भाभी रत्नागिरीकडच्या. त्यांचे यजमान इथे सुट्या भागांचा व्यापार करतात. सुपरमार्केटातून मला दवाखान्यात आणणाऱ्या त्याच. यंत्र बसलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या आल्या. मी गप्प बसलेली बघून त्यांनी सिस्टरला माझी गोष्ट सांगायला घेतली.

"सिस्टर, ये देखो, शीला परी बनी थी," असं म्हणत त्यांनी एक डोळा मिटला, हात पसरले आणि अबाया फडफडवत खाटेभोवती एक फेरी मारली. सिस्टर हसून वाकली. मीही हसले, टाके दुखेपर्यंत. नेमक्या त्याच वेळी डॉक्टर हनान तपासणीला आत आल्या.

"काय चाललंय?" त्यांनीही हसत विचारलं.

रूथने इंग्रजीत सांगितलं, की आईचा डोळा एकदा सुजला होता, अचानक, सकाळी उठल्यावर.

डॉक्टरांचं हसू हळूहळू ओसरलं. "एकच डोळा? दुखत होता?"

"फारसा नाही," मी म्हणाले.

"हे कुठे झालं?"

"आमच्या गावी, मॅडम," प्रभाकर म्हणाले. "इंडियात."

रूथने त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी चादरीची किनार बघत होते. "पप्पा, प्लीज," ती म्हणाली. आणि मग डॉक्टरांना, "इट वॉज ग्वाटेमाला."

डॉक्टरांनी हातातली फाईल खाटेवर ठेवली. त्या अमेरिकेत शिकल्या होत्या, तिथे त्यांनी मध्य अमेरिकेतून आलेले असे रोगी पाहिले होते. मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गवताच्या छपरात एक किडा राहतो, तो झोपलेल्या माणसाला बहुतेक तोंडावर चावतो, डोळ्याजवळ चावला तर डोळा असा सुजतो, आणि मागे जो जंतू सोडून जातो तो वर्षानुवर्षं हृदयात गुपचूप बसून राहतो. एवढं त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. रक्त तपासून खात्री करू म्हणाल्या. माझ्या हृदयाचं जे झालं ते औषधाने मागे जाणार नाही, पण सांभाळता येईल.

मग त्या रूथकडे वळल्या. "तुझा जन्म कुठला?"

"तिथलाच."

"डोळा सुजला त्याच्या आधी की नंतर?"

"नंतर," मी म्हणाले.

डॉक्टर म्हणाल्या, आईकडून तो जंतू बाळाला जाऊ शकतो. नेहमीच जातो असं नाही. रूथची तपासणी करावी लागेल. तिच्या वयात, हृदय बिघडायच्या आत सापडलं, तर गोळ्यांचा चांगला उपयोग होतो. "आधी कळलं असतं तर बरं झालं असतं," एवढंच त्या बोलल्या, तेही रागाने नाही.

त्या बाहेर पडल्या तसे प्रभाकर त्यांच्यामागे गेले. दाराची फट उघडी होती, मला ऐकू येत होतं. दहा-बारा वर्षं साठवलेलं सगळं त्यांनी त्या बोळात एका दमात सांगितलं. की आम्ही मिशनचे होतो, की चर्चने पाठवलं होतं, की लपवायचा हेतू नव्हता. कबुली द्यायला उभा राहिलेला माणूस बोलतो तसे ते बोलत होते. डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "छप्पर कशाचं होतं?"

"गवताचं," प्रभाकर म्हणाले.

"ओके," म्हणून त्या पुढच्या खोलीत गेल्या.

वाट बघणे

माझी तपासणी अपेक्षेप्रमाणे निघाली. रूथचं रक्त परदेशी पाठवलं होतं, त्याला वेळ लागणार होता. ती कामावर रियाधला परत गेली. घरी आम्ही दोघं.

मला राग आला होता. आजाराचा नाही. रूथच्या अंगात गेली चोवीस-पंचवीस वर्षं काय असेल आणि ते आम्ही तिच्यापासून नगरच्या गॅदरिंगमध्ये लपवून ठेवलं, याचा. दुपारी जेवताना मी म्हणाले, "तुम्हांला एवढं घाईने इंडिया ओन्ली म्हणायची काय गरज होती?"

"तुझं तोंड कोणी धरलं होतं?" ते म्हणाले.

खरंच होतं ते. त्यामुळे आणखी राग आला. नंतर बरेच दिवस आम्ही भाजी, गोळ्या आणि बसची वेळ एवढ्यावरच बोलत होतो. प्रार्थनाही वेगवेगळी करत होतो, ते गॅलरीत, मी स्वयंपाकघरात, आणि दोघंही एकच मागत होतो. मला खात्री आहे, कारण ते पुटपुटताना मोठ्याने पुटपुटतात.

त्या दिवसांत मी दोन्या तोमासांच्या मुलीला, लिदियाला, फोन लावला. माझं स्पॅनिश गंजलं होतं. तिला म्हटलं, तुम्ही सगळे तपासून घ्या. ती म्हणाली, आमचं कधीच झालं. सरकारी माणसं येऊन फवारून गेली, भिंतींना गिलावा झाला, वर पत्रे आले. तिने स्वतः गोळ्या घेतल्या होत्या. आई गेली होती. "तिचं काळीज थकलं," लिदिया म्हणाली, "त्या घरातल्या पुष्कळांचं थकलं." आम्ही तिथे असतानाच तिचे वडील मक्याच्या शेतात चालता चालता कोसळले होते. प्रभूने बोलावून घेतलं, असं प्रभाकरांनी त्या दिवशी सांगितलं होतं आणि आम्ही सगळे मिळून गायलो होतो. नळ आणायला डोंगर चढलो, पण उशाशी असलेल्या भिंतीकडे कोणी बघितलं नाही.

मग ती म्हणाली, "पण तुम्हांला कसा चावला, शीला? आईने तर तुम्हांला चांगली खोली दिली होती."

त्यानंतर मी रडले. आजार सुरू झाल्यापासून पहिल्यांदा, आणि भरपूर.

प्रभाकर बाहेरून आले, त्यांनी काय झालं ते ऐकलं आणि स्टूल ओढून माझ्याजवळ बसले. "मी घाबरट आहे, शीला," ते म्हणाले. "पण रूथसाठी घाबरलोय तसा कधीच घाबरलो नव्हतो." मी त्यांना चहा टाकायला सांगितला. माझा डावा हात अजून वर जात नव्हता आणि साखरेचा डबा वरच्या फळीवर होता.

शुक्रवार

रूथचा फोन गुरुवारी दुपारी आला. "मम्मा, पप्पांना बोलव. स्पीकरवर टाक." आम्ही दोघं फोनवर वाकलो. "निगेटिव्ह," ती म्हणाली. "दोन्ही टेस्ट. कंप्लीटली निगेटिव्ह. आता दोघं नीट जेवा."

प्रभाकरांनी भिंतीला हात टेकला. मी म्हणाले, "देवा, तुझे उपकार," आणि मग रूथला विचारलं, जेवलीस का. दुसरं काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाढदिवस होता. म्हणजे प्रार्थना. बऱ्याच आठवड्यांनी आमच्या घरी. माणसं यायला लागली होती, चपला दाराशी जमत होत्या. केक करायची ताकद माझ्यात नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती.

बेल वाजली. दारात रेहाना भाभी, हातात फडक्याने झाकलेलं मोठं पातेलं. मागून मटणाचा वास. प्रभाकरांनी दार उघडलं होतं. मी आतून बघत होते. नेहमी अशा वेळी ते दार अर्धंच धरतात आणि जरा जास्तच हसतात.

"भाभी," ते म्हणाले, "आज कोणाचा वाढदिवस नाही. आम्ही प्रार्थनेला बसतोय. रूथची तपासणी चांगली आली, त्याबद्दल." मग आणखी म्हणाले, "दर शुक्रवारी तेच असतं."

रेहाना भाभींनी पातेलं त्यांच्या हातात दिलं.

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. "घरात तीन माणसं नि दर जुम्याला वाढदिवस, एवढं पन नाय कळनार? म्हणून तर केक नाय आणला."

प्रभाकरांच्या दोन्ही हातांत पातेलं होतं. मग त्यांनी पायाने दार पूर्ण उघडलं आणि त्यांना आत यायला वाट करून दिली.